उलट्या हाताचा वायरमन

जवळ सरक गं पोरी, कागदावरून का होईना. थोडं रागवायचं आहे, आणि लांबून रागावलेलं नीट पोचत नाही. तू कळवलंस की घरामागं पत्र्याची खोली बांधली, तिच्यात पिठाची चक्की बसवली, घरातूनच वायर ओढून घेतली आणि आठ दिवसांत दळण सुरू केलं. छान केलंस. पण त्या खोलीचं अर्थिंग वेगळं केलं का, असं मी विचारलं तर फोनवर हसलीस. म्हणालीस, "आजी, घराला आहे ना, तेच पुरतं." बाई गं, हे वाक्य मी तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी ऐकलेलं आहे. ज्या घरानं ते म्हटलं त्याच घरात मी नांदले. तेव्हा आज चक्की बंद ठेव आणि हे वाच. बाकीच्यांनीही वाचावं, कारण असला माणूस तुमच्याही गावात कधी ना कधी खांबावर चढलेला असेल.

आमच्याकडे एक वायरमन यायचा. तो कुठल्याही वस्तूला आधी तळहात लावत नसे. दाराची कडी असो, पाण्याचा गडू असो, वासराचं कपाळ असो, आधी हाताची मागची बाजू टेकवायची, झटक्यासरशी मागं घ्यायची, क्षणभर थांबायचं, आणि मग सरळ हात. एकदा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला पानाचा विडा दिला, तर त्यानं विड्यालाही उलटा हात लावून पाहिला. मामाजी म्हणाले, "कारे, विड्यात करंट हाये काय?" तो म्हणाला, "नसन जी. पन ज्या दिवशी पाहाचं राह्यते, त्याच दिवशी असते."

गावानं त्याचं नाव उलटहात्या ठेवलं. उलट्या हातानं देणं-घेणं आमच्याकडे चांगलं मानत नसत, त्यामुळं बायका त्याच्यापासून जरा अंतर ठेवूनच असत. मला वेगळंच वाटायचं. मला वाटायचं, ज्याला जन्मापासून 'शिवू नको' ऐकावं लागलं त्याच्या हाताला ही खोड लागली असणार. एकदा धीर करून विचारलं, तर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याच्या हजेरीपुस्तकात डोकावले. मग म्हणाला, "तळहात लावला अन् करंट असला तर मूठ आवळते. मानूस सोडतो म्हणते, पन सुटत नाई. उलटा हात आपोआप मांगं येते. बस, इतकंच हाये. दुसरं काई नाई."

हे सगळं अल्लीपूरच्या बाजूचं. नागपूरला दीक्षा झाली त्याला दोन-अडीच वर्षं झाली होती आणि आमच्या गावात नुकते विजेचे खांब उभे राहिले होते. वायरमन पलीकडच्या गावचा, बौद्ध झालेला. आमच्या घराची वायरिंग हिंगणघाटच्या एका ठेकेदाराच्या माणसांनी केली. गोठ्याचं काम मात्र या वायरमनकडं आलं, कारण गोठ्यात तो येऊ शकत होता. घरात त्याला कुणी घेतलं नसतं. तसं कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. खरं सांगते, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी अठरा-एकोणीस वर्षांची, चौथी शिकलेली सून. तुझे आजोबा वर्ध्याला नोकरीला, आठवड्यानं यायचे.

गोठा घरापासून पन्नास पावलांवर. वर टिनाचे पत्रे, एका बाजूला पत्र्याचीच भिंत, आत तीन म्हशी, बैलजोडी, ढेपेची, म्हणजे सरकीच्या पेंडीची, पोती आणि मामाजींच्या हौसेची कडबा कापायची मशीन. तिला मोटार लावायची होती. वायरमननं गोठ्याला एक चक्कर मारली, घरातून आलेली तार पाहिली आणि म्हणाला, "पाटील, गोठ्याले अर्थ लागते."

"घराले केला ना ठेकेदारानं," मामाजी म्हणाले. "एका घराले दोन-दोन अर्थ कायले?"

"गोठा घराच्या भिंतीले लागून असता तर गोष्ट अलग होती जी. थो वेगळा उभा हाये. भाऊ वेगळा निंगाला का चूल वेगळी मांडा लागते."

"ठेकेदार म्हणते घरचाच पुरते."

"ठेकेदार तुमच्या म्हशीची धार काढाले येते काय?"

मामाजींना हसू आलं आणि त्यांनी हो म्हटलं. पण 'अर्थ' हा शब्द काही आमच्या घराच्या गळी उतरेना. आम्हाला अर्थ म्हणजे पोथीतल्या ओवीचा. सासूबाई चुलीपाशी म्हणाल्या, "म्हशीले कायचा अर्थ सांगते थो?" दुसऱ्या दिवशी गावभर झालं की पाटलाच्या गोठ्यात अर्थ नाही म्हणे, बाहेरून आणून जमिनीत पुरावा लागतो. वायरमनच्या कानावर ते गेलं. तो हसला नाही. त्याला नेहमी वाटायचं की लोक हसतात त्यामागं काहीतरी शिजत असतं.

इतका संशयी माणूस मी पुन्हा पाहिला नाही. काम करताना फ्यूज काढून तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, वर खिशाला सेफ्टीपिन लावायचा. कुणी म्हटलं, भाऊ, मेन बंद केली आहे, तर म्हणायचा, "बंद हाये म्हननारा मानूस आन् बंद असलेली तार, दोघंही तपासून घ्या लागते." ठेकेदारानं घराचा अर्थ नुसती एक सळई ठोकून केला असावा, असा त्याला दाट संशय होता. पण घराकडं जाऊन पाहावं, असं तो कधी म्हणाला नाही आणि आम्हीही म्हटलं नाही.

खरा घोळ झाला तो त्याच्या सामानामुळं. त्यानं मामाजींकडं एक पोतं खडेमीठ आणि दोन पोती कोळसा मागितला. आणि एके दिवशी भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, गोणपाटात गुंडाळलेली तांब्याची पाटी, म्हणजे जाड चौकोनी पत्रा, काखेत मारून तो गोठ्याच्या मागं आला. खड्डा आधीच खणून ठेवला होता, छातीइतका. मी तिथंच गोवऱ्या थापत होते. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पाटी खड्ड्यात उभी केली, तिला जाड तार नटानं आवळली, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, असं घाईघाईनं भरत गेला. मधोमध एक नळी उभी केली, वर नरसाळं बसवलं. मग मला म्हणाला, "सूनबाई, काय पुरलं थे कोनाले सांगू नका. घरच्याईले बी नाई. तांबं हाये. दोन गावच्या पाट्या चोरीले गेल्या. तुम्ही पाह्यलं, थे पोटात ठेवजा."

त्याला चोरांचा संशय होता, तो खराच होता. पण त्या दिवशी अवस होती, अमावस्या. त्यानं पंचांग बघणं सोडून दिलेलं, त्याला तिथीशी काय करायचं? आम्हाला मात्र ती पाठ.

पाटी पुरून झाल्यावर त्यानं मला पाणी घालायचं काम सांगितलं. रोज एक बालटी त्या नरसाळ्यात ओतायची, चैत्र-वैशाखात दोन. "आपली काळी माती वाळली का भेगाळते. पाटी एकीकडं आन् जमीन एकीकडं होते. मंग चुकार करंटाले जमिनीत उतराले वाट नाई राह्यत. वाट नाई भेटली का थो जनावराच्या पायातून वाट काढते." मग त्यानं एक बल्ब काढला, त्याच्या दोन तारा होत्या. एक गोठ्यातल्या गरम, म्हणजे करंट असलेल्या, तारेला, एक अर्थाच्या तारेला लावली. बल्ब लख्ख पेटला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा मला समाधानासारखं काही दिसलं. "पाह्यलं? जमीन बोलली. बल्ब पिवळा पडला तर समजजा, तिले तहान लागली. अन् पेटलाच नाई, तर समजजा का खाली काई नाई."

मी नेमानं पाणी घालू लागले. सकाळी तुळशीला तांब्या, मग गोठ्यामागं बालटी. त्या दिवसांत उन्हानं म्हशींचं दूध आटलं. दरवर्षी आटायचं. पण त्या वर्षी लोकांनी ते खड्ड्याला नेऊन जोडलं. सासूबाई विहिरीवरून ऐकून आल्या ते असं, की अवसेला खड्डा, खड्ड्यात मीठ आणि कोळसा, पुरणारा उलट्या हाताचा, आणि वरून घरचीच सून रोज पाणी घालून ते जितं ठेवते. त्यांनी मला ढेपेच्या पोत्यांशी गाठलं. "खरं सांगजो. त्यानं आत काय घातलं?"

मी वचनाला जागले आणि खोटं बोलले. "मले नाई मालूम, मामीजी."

तिथं मी सांगून टाकायला हवं होतं, तांब्याची पाटी आहे, विजेसाठी आहे. एका वाक्याचं काम होतं. पण वायरमन म्हणाला होता, घरच्यांनाही नाही. आणि त्यानं एवढ्या माणसांतून विश्वास टाकला तो माझ्यावर, याचा मला कुठंतरी तोरा होता. माझं तोंड बघूनच सासूबाई समजल्या की ही लपवते आहे. त्यांचा संशय होता तिथं आता खात्री झाली.

त्या एका भगताकडं जाऊन आल्या. त्यानं सांगितलं, पुरलेलं उकरून काढा, वाहत्या पाण्यात सोडा, आणि तोंडातून शब्द काढू नका, नाहीतर उलटेल. सासूबाईंनी मला नवऱ्याची आण घातली. पुरुषमंडळी शेतात गेली की दोन दुपारी आम्ही दोघींनी खड्डा उकरला. माती भुसभुशीतच होती. पाटी लागली तेव्हा तिच्यावर हिरवट बुरशी चढली होती, ती पाहून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "पाह्य, इख चढलं," म्हणाल्या. तार निघेना, तेव्हा कुऱ्हाडीनं तोडली. उरलेलं टोक मातीत खुपसलं, मीठ-कोळसा लोटला, नळी होती तशी उभी केली. वरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं.

आता वाहतं पाणी कुठून आणायचं? चैत्रातला आमचा नाला, त्यात पोरं गोट्या खेळत होती. शेवटी ठरलं की पावसाळ्यापर्यंत पाटी ढेपेच्या पोत्यांखाली ठेवायची. खड्ड्यापासून सहा पावलं.

आणि मी काय केलं, सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी बालटी भरली आणि नरसाळ्यात ओतली. तिसऱ्या दिवशीही. मला ठाऊक होतं खाली काही नाही. पण पाणी बंद केलं असतं तर वायरमनला संशय आला असता, आणि तो संशय कसला असतो हे मला माहीत होतं. वायरमनला त्या पंधरवड्यात दुसऱ्या गावांना खांबांच्या कामावर धाडलं होतं. एकदा सायकलवरून जाताना कुंपणापलीकडून त्यानं विचारलं, "पाणी घालता ना, सूनबाई?" मी म्हटलं, "घालते." खोटं नव्हतं ते. म्हणूनच आजवर टोचतं.

मग ती सकाळ आली. सासूबाई धार काढून नुकत्या गोठ्याच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. गड्यानं कडब्याची मशीन सुरू केली. मोटारीतली वायर उंदरांनी कुरतडली होती, हे नंतर कळलं. कडेची म्हैस ओल्या जमिनीवर उभी होती, तिनं मशीनच्या लोखंडी पायाला मान घासली आणि तशीच कोसळली. आवाजसुद्धा केला नाही. फ्यूज गेला नाही, दिवा लुकलुकला नाही. सासूबाईंच्या हातातली दुधाची बालटी सांडली. त्या मशीनपासून चार हातांवर होत्या.

मामाजींनी गड्याकडून मेन बंद करून घेतली आणि हिंगणघाटच्या वीज-ऑफिसात निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी साहेब आले, वायरमनला बोलावणं गेलं, अर्धं गाव गोठ्यापुढं जमलं. गावाचं म्हणणं एकच होतं, करणी फळली. वायरमन म्हणाला, "म्या देव सोडला, भूत सोडलं. आता करनी करू तरी कोनाच्या नावानं?"  त्यानं मोटारीची तार सोडवून ठेवली, मग मेन लावली, बल्ब काढला आणि त्याच्या दोन तारा दोन जागी लावल्या. बल्ब पेटला नाही. त्यानं काढून पुन्हा लावल्या. पेटला नाही.

मी पाहत होते. त्याचं तोंड राखेसारखं झालं. साहेबांनी खड्डा उकरायला सांगितलं. कोळसा निघाला, मीठ निघालं, तुटक्या तारेचं टोक निघालं. पाटी नाही.

साहेब म्हणाले, "तांब्याची पाटी ऑफिसातून तुझ्या सहीनं गेली आहे. इथं नाही. मग कुठं आहे?"

"घातली होती साहेब."

"कोणी पाहिली घालताना?"

त्यानं तारेच्या तुटक्या टोकाला उलटा हात लावून पाहिला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "भरदुपारी चोरून आलता, आम्ही पाह्यला." दुसरा म्हणाला, "पाटी इकली असन अन् मीठ-कोयसा भरून दिला." आता बघ, त्यानं ज्या चोरीच्या भीतीनं सगळं लपवून केलं, तीच चोरी त्याच्या अंगावर आली. साहेब म्हणाले, नोकरी जाईल, वर पोलिसांत द्यावं लागेल. त्यानं गर्दीवर एकदा नजर फिरवली. माझ्याकडं पाहिलंच नाही. मी बोलेन असं त्याच्या मनातही आलं नाही, हे मला तेव्हा त्याच्या पाठीवरून कळलं.

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. नवऱ्याची आण होती. घरचं नाव होतं. पण ती म्हैस कालची, आणि तिच्या जागी सासूबाई असत्या, हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हटलं, "म्या पाह्यली."

मामाजी वळले. "तू काऊन मधात बोलून राह्यली?"

"पाटी होती. आम्हीच काढली. मामीजी अन् मी. ढेपेखाली हाये."

गड्यानं पोती सरकवली. पाटी निघाली.  साहेबांनी पाटी वळवून पाहिली, तुटकी तार पाहिली, कागदावर काहीतरी लिहिलं. मामाजी जमिनीकडं बघत होते. आणि वायरमन, ज्याची नोकरी वाचली होती, तो पहिल्यांदा माझ्याकडं वळून म्हणाला, "मंग पंधरा दिवस तुम्ही पाणी कायच्यावर घालून राह्यल्या होत्या?"

मी पदर आणखी पुढं ओढला. 

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण ताट सरकवायच्या. तो काळ वाईट गेला, त्याची तक्रार नाही. चार दिवसांनी वायरमन नवा खड्डा करायला आला, तो या वेळी दुपारी नाही. सकाळी आठला, गाव जागं असताना, आणि येताना रस्त्यात दिसेल त्याला सांगत आला की गोठ्यावर या, पाहा काय पुरतो ते. लोक जमले. तो एकेक वस्तू वर धरून दाखवायचा. "हे तांबं. हा कोळसा, हा ओल धरते. हे मीठ, हे बी ओल धरते. मंतर नाई. ज्याले चोरून न्याचं हाये त्यानं आत्ताच सांगा." लोक हसले. आणि मग त्यानं मिठाचं घमेलं उचलून सासूबाईंपुढं ठेवलं, जरा लांबूनच.

"मिठाचा थर तुम्ही टाका, बाई."

"म्या काऊन?"

"करनी असली तर तुमच्या हातची होईन. मंग माह्यावर आळ नाई."

आम्हाला वाटलं आता आग लागणार. सासूबाई थोडा वेळ घमेल्याकडं बघत राहिल्या. मग कासोटा खोचला, पुढं झाल्या आणि मूठमूठ मीठ असं नीट पसरलं, जसं लोणच्याच्या बरणीत पसरतात. "थर दाट पाहिजे का पातळ?" त्यांनी विचारलं. "दाट," तो म्हणाला. बल्ब लावला तेव्हा त्या वाकून बघत होत्या. लख्ख पेटला.

जाताना त्यांनी त्याला थांबवलं. चुलीपुढच्या आवाजात नव्हे, जरा खाली आवाजात. "घराचा अर्थ बी पाहून घे रे. ठेकेदारानं काय केलं थे एकदा पाह्य. चाल घरात."

त्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, त्याच्यासारख्या माणसाला हे शब्द पहिल्यांदा म्हटले गेले. मी चौकटीपाशी उभी होते. त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो काही फुलला वगैरे नाही. त्यानं दाराकडं पाहिलं, मग भिंतीच्या कडेनं घराबाहेर उतरलेल्या तारेकडं पाहिलं. म्हणाला, "अर्थ बाहेर असते बाई. बाहेरूनच पाहता येते." आणि गोठ्यातून लांब तार ओढून, घराला वळसा घालून, घरामागं उकिडवा बसून त्यानं बल्ब लावला. मळकट पिवळा पेटला. नुसती सळईच होती. ती त्यानं बदलली, त्यासाठी दोन दिवस आला, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही. सासूबाईंनी पुन्हा म्हटलंही नाही.

वर्षभरानं त्याची बदली आर्वीकडं झाली. निघायच्या आदल्या दिवशी गोठ्यावर आला, बल्ब लावून पाहिला. मी पाणी घालतच होते. तो म्हणाला, "सूनबाई, एक गोष्ट इचारू? त्या दिवशी तुम्ही साहेबाईपुढं बोलल्या. म्या वर्षभर इचार करून राह्यलो का यात काय डाव हाये."

मला वाईट वाटलं. रागही आला. ज्या माणसासाठी मी महिनाभर सरकवलेलं ताट जेवले, तो वर्षभर माझ्यात डाव शोधत होता. मी म्हटलं, "डाव नव्हता. भेव लागलं होतं. मामीजी मशीनपाशीच होत्या."

त्यानं मान हलवली. "भेव असन तर बरोबर. भेवावर भरोसा ठेवता येते."  बल्बच्या तारा गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या. आणि म्हणाला, "म्या बी सांगाले पाह्यजे होतं. सगळ्याईले चोर समजून चाललो. चूक माही बी हाये."

मी म्हटलं, "या इकडं कधी. सगळ्याईले बरं वाटन."

"बोलावलं तर येईन," तो म्हणाला. सायकलवर बसला. चढण होती, तरी उतरला नाही.

बोलावलं तर येईन. आता ऐक, पोरी. मी कितीदा ठरवलं की पत्र टाकावं. 'आर्वीचा वायरमन' एवढ्या पत्त्यावरही पत्र पोचलं असतं. तुझ्या आजोबांनाही सांगितलं होतं, ते हो म्हणाले होते. पण मनात यायचं, बोलावलं तर बसवायचं कुठं? ओसरीवर बसवलं तर सासूबाई काय म्हणतील, गोठ्यात बसवलं तर त्याला काय वाटेल? आधी घरात काय ते ठरू दे, मग बोलावू. ते ठरेपर्यंत चार वर्षं गेली. मग कुणाकडून तरी कळलं की तो गेला, पावसात खांबावर काम करताना नाही, तापानं. एवढा विजेला भ्यालेला माणूस तापानं गेला. सासूबाई हे ऐकून देवघराकडं वळल्या, थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्याले घरात बसवाचं होतं. मले बोलता आलं नाई." त्या एका वाक्याचा अर्थ मात्र घरात कुणाला विचारावा लागला नाही.

म्हणून तुला लिहिते आहे. चक्कीच्या खोलीचं वेगळं अर्थिंग करून घे, आणि इकडं यायला माझ्या निरोपाची वाट बघू नकोस. खोली आवरलेली नाही, गादीला खोळ नाही, गुडघे दुखतात, स्वयंपाक साधाच होईल. तरी ये. या आठवड्यात जमलं तर या आठवड्यात. दार उघडंच आहे, सरळ आत ये.